मडके, झाडू आणि किल्ल्यांचा जुडगा : रोजच्या वस्तूंची शिल्पे कशी पाहायची?



गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या मावशीला घेऊन पुष्पबागेत गेले होते. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन लागले होते. मावशी सत्तरी ओलांडलेली, दांडिया बाजारात लहानाची मोठी झालेली. चित्रे तिला मनापासून आवडतात, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रे ती पाहुण्यांना स्वतः नेऊन दाखवते. पण शिल्पकला विभागाच्या अंगणात ती थबकली. एका मुलीने सात-आठ जुन्या पत्र्याच्या ट्रंका एकावर एक रचल्या होत्या, प्रत्येकीला कुलूप लावले होते आणि किल्ल्यांचा जुडगा वर इतक्या उंचीवर टांगला होता की कुणाचाच हात पोचू नये.

मावशी म्हणाली, “अगं, हे सगळं तर आपल्या माळ्यावर पडलंय. याला शिल्प म्हणायचं?”

पुढे कोजागिरीला दूध आटत असताना मंडळात हाच विषय निघाला, तेव्हा आणखी दोघातिघांनी हेच विचारले. एका काकांचे म्हणणे तर असे की, म्हात्रे आणि करमरकर हे खरे शिल्पकार, बाकी सगळी भंगाराची दुकाने. त्यांना तिथल्या तिथे उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा लेख. मी कलासमीक्षक नाही. पण या गावात राहून, त्या आवाराच्या आतबाहेर करून जे थोडेफार कळले ते सांगते.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू, कारण मराठी माणसाला ही कल्पना मुळीच परकी नाही. बडोद्याच्या राजाचे आसन म्हणजे ‘गादी’. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळरावांना १८७५ मध्ये दत्तक घेऊन जमनाबाईसाहेबांनी गादीवर बसवले आणि ते सयाजीराव झाले. गादी ही वस्तू काय? कापसाने भरलेली बैठक. तीच घरात असली की झोपायची, दरबारात असली की राज्य. आज आपण निवडणुकीच्या बातम्या वाचताना ‘खुर्ची’ म्हणतो आणि लाकडाचा विचारही मनात येत नाही. मोहिमेचा विडा उचलायचा. पागोटे पायावर ठेवायचे. भरताने तर सिंहासनावर पादुका ठेवून चौदा वर्षे कारभार केला. म्हणजे साध्या वस्तूत सत्ता साठते, हे आपल्या आजीपणजीला ठाऊक होते. फरक इतकाच की आपण ते बोलण्यात वापरतो आणि हे शिल्पकार ती वस्तूच समोर आणून ठेवतात.

याच्या उलट टोकाला आपला काळा घोडा आहे. कमाटी बागेच्या तोंडाशी, उंच चौथऱ्यावर, घोड्यावर बसलेले सयाजीराव. ब्राँझमधला राजा, आणि बघणाऱ्याची मान वर. पुतळ्याची रीतच अशी की सत्ता ज्याच्याकडे आहे त्याला वर चढवायचे. महाराजांबद्दल आपल्या सगळ्यांच्या मनात आदर आहे, माझ्याही आहे, आणि तो पुतळा सुंदरच आहे. पण सत्ता नेहमी घोड्यावर बसलेली नसते. बऱ्याचदा ती स्वयंपाकघरात असते, कचेरीत असते, पाणवठ्यावर असते. तिथे तिचा पुतळा कसा उभा करणार? तिथे वस्तूच बोलतात.

गंमत म्हणजे काळ्या घोड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही दुसरी रीत वाढली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि त्याच सुमारास ललित कला विद्याशाखेची, म्हणजे आपल्या ‘फाइन आर्ट्स’ची, स्थापना झाली. चित्रकला विभाग आपल्या ना. श्री. बेंद्रे यांनी घडवला, शिल्पकला विभाग शंखो चौधुरींनी. पुतळे घडवण्याचे कसब शिकवणे एवढाच तिथला हेतू नव्हता, साहित्याचा शोध घेणेही शिकवले जाई. साठच्या दशकात राघव कनेरियांनी लोखंडी भंगार जोडून शिल्पे केली. आमच्या काकांचा ‘भंगार’ हा शब्द तसा अगदीच चुकीचा नाही! पण कनेरियांच्या कामात भंगाराचे रूपांतर होते. तुकडे जोडले गेले की त्यांचा नवा आकार होतो आणि मूळ वस्तू मागे पडते. मी ज्याविषयी बोलते आहे त्यात उलट असते. मडके मडकेच राहते, ट्रंक ट्रंकच राहते, आणि ती आपण ओळखावी अशीच अपेक्षा असते.

जगात याची सुरुवात सांगताना सगळे मार्सेल द्युशाँचे नाव घेतात. त्याने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला चिनी मातीची मुतारी ‘फाउंटन’ असे नाव आणि खोटी सही करून पाठवली. प्रवेशशुल्क भरणाऱ्या कुणाचेही काम घ्यायचे असा आयोजकांचा नियम होता, तरीही ती मांडली गेली नाही. काय कला आणि काय नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्या एका वस्तूने उघडा केला. तेव्हापासून शंभर वर्षे लोक चिडत आले आहेत, आमची मावशी त्यात एकटी नाही.

त्याच १९१७ मध्ये आपल्या गावात काय घडले ते आता सांगते, कारण ज्या कलाकृतीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. करारानुसार संस्थानची नोकरी करायला ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास आले. राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. गावात ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही, तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. चरित्रकारांनी कचेरीतलीही हकीकत दिली आहे : शिपाई त्यांच्या हातात कागद देत नसत, लांबून टेबलावर टाकत. परदेशातून शिकून आलेला अधिकारी आणि त्याच्यापेक्षा कितीतरी कमी पगाराचा शिपाई, पण त्या खोलीत सत्ता कुणाकडे होती हे हवेतून येणाऱ्या फायलीवरून कळत होते. आज कमाटी बागेतली ती जागा संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपल्यापैकी कित्येकजण रोज सकाळी तिथून फिरायला जातात.

आता शिल्पाकडे येते. एन. एन. रिमझॉन हे केरळचे. त्रिवेंद्रमला शिकून ते बडोद्यात आले आणि शिल्पकलेचे पदव्युत्तर शिक्षण इथेच घेतले. १९९५ मध्ये त्यांनी एक रचना केली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘एकशे आठ फुटांपासून दूर’. मातीची मडकी, गवती झाडू आणि दोर, बस्स. ही मडकी जमिनीवर मांडलेली. माणूस कुठेच नाही.

प्रथम पाहणाऱ्याला ती नुसती कुंभारवाड्यातली मांडणी वाटेल. पण ज्याने इतिहास ऐकला आहे त्याच्या पोटात खड्डा पडतो. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून गळ्यात मडके, पाऊल उमटू नये म्हणून कमरेला झाडू : अस्पृश्य मानलेल्या माणसांवर लादलेला हा दंडक. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात पेशवाईतल्या पुण्याच्या संदर्भात तो सांगितला आहे. रिमझॉन यांच्या केरळात तर कुणी कुणापासून किती अंतरावर थांबायचे याचे ठरलेले माप होते. एकशे आठ ही संख्या आपण जपमाळेत मोजतो. तीच संख्या इथे अंतराचे माप होऊन बसते.

हे काम इतके नेमके का वाटते? मला तरी वाटते, त्यात माणूस नाही म्हणून. गळ्यात मडके बांधलेल्या दीनवाण्या माणसाचा पुतळा असता तर आपण हळहळलो असतो, ‘अरेरे’ म्हणून पुढे गेलो असतो. दया दाखवणे सोपे असते, त्यात आपली जागा वरचीच राहते. इथे मडके रिकामे आहे आणि दोर मोकळा आहे. ते कुणाच्या गळ्यात होते हा प्रश्न पडतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, अधिक अडचणीचा : ते बांधणारे कोण होते? आपण बडोद्याची मराठी मंडळी. आपल्यातल्या बऱ्याच घराण्यांचे मूळ त्याच पुण्यात, साताऱ्यात, कोकणात आहे. गायकवाडांबरोबर आलो, कारकुनी केली, फडणिशी केली, वाडे बांधले, वाचनालये काढली. त्याचा अभिमान आपल्या प्रत्येक स्मरणिकेत असतो. मडक्याचा उल्लेख नसतो.

प्रदर्शनातून परतल्यावर मी मावशीला या कामाचा फोटो दाखवला आणि हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्याकडे मागच्या दाराच्या कोनाड्यात एक कप असायचा. कान तुटलेला. संडास साफ करायला येणाऱ्या बाईंचा. चहा आई द्यायची हं, रोज द्यायची, वरून ओतायची.” मला तो कप आठवतो. मी लहान असताना एकदा त्यात पाणी प्यायले म्हणून पाठीत धपाटाही खाल्ला होता. त्या बाईंचे नाव मात्र आम्हा दोघींना आठवले नाही. तो कप आज कुणी चौथऱ्यावर ठेवला, तर त्याला शिल्प म्हणायचे की नाही यावर मी वाद घालणार नाही. पण तो कप आमच्या घराबद्दल जितके सांगेल तितके भिंतीवरचा पणजोबांचा पगडीतला फोटो सांगणार नाही.

असो. बडोद्याशी नाते असलेल्या आणखी काहींची कामे थोडक्यात सांगते.

विवान सुंदरम साठच्या दशकात इथे चित्रकला शिकले. मुंबईच्या दंगलीनंतर १९९३ मध्ये त्यांनी ‘मेमोरियल’ ही रचना केली. रस्त्यात मरून पडलेल्या एका माणसाचा वर्तमानपत्रात आलेला फोटो, त्यावर ठोकलेले खिळे, आणि पत्र्याच्या ट्रंकांची कमान. विजयाची कमान दगडाची असते, गाव सोडून जाणाऱ्याची कमान ट्रंकांचीच होणार. पुष्पबागेतल्या त्या मुलीने हे काम पाहिले असेल की नाही, मला माहीत नाही.

शीला गौडा काही काळ इथे के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकल्या. त्यांच्या ‘बिहोल्ड’ या कामात मोटारींचे स्टीलचे बंपर माणसांच्या केसांनी वळलेल्या दोरांवर टांगलेले आहेत. हे केस नवसाला मंदिरात अर्पण केलेले, आणि दोर सुमारे चार हजार मीटर लांबीचा. दक्षिणेत नजर लागू नये म्हणून गाडीच्या बंपरला अशी केसांची दोरी बांधतात, आपण लिंबू-मिरची बांधतो तसे. कारखान्यातले जड स्टील आणि कुणा गरीब बाईचा केशसंभार, दोन्ही एकाच गाठीत. कोण कुणाला तोलून धरते आहे ते बघणाऱ्याने बघावे. दुसऱ्या एका कामात त्यांनी असंख्य सुयांमधून लांबच लांब दोरा ओवला आणि कुंकवाने लाल करून त्याचे दोर केले. ज्या घरात बायका आयुष्यभर टाके घालत आल्या, तिथे या कामाला वेगळे स्पष्टीकरण लागू नये.

अनिता दुबे इथे कलेचा इतिहास आणि समीक्षा शिकल्या. १९८७ मध्ये केरळच्या तरुण कलावंतांच्या गटाने, ज्यांना ‘रॅडिकल’ म्हणून ओळखतात, बडोद्यात ‘क्वेश्चन्स अँड डायलॉग’ हे प्रदर्शन भरवले, त्याचा जाहीरनामा त्यांनी लिहिला. पुढे त्या स्वतः शिल्पाकडे वळल्या. मूर्तींना बसवायचे चिनी मातीचे तयार डोळे मिळतात ना, नाथद्वाऱ्याच्या बाजारात असतात तसे, ते शेकड्यांनी घेऊन त्यांनी भिंतीवर चिकटवले. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी झाली की मूर्तीत जीव आला असे आपण म्हणतो. मूर्तीच नाही आणि भिंतभर नुसते डोळे आहेत, अशी कल्पना करा. देव बघतो आहे की पाळत ठेवली जाते आहे?

हेमा उपाध्याय तर बडोद्यातच जन्मल्या आणि इथेच शिकल्या. मुंबईत गेल्यावर त्यांनी पत्रा, गाड्यांचे भंगार, ताडपत्री यांतून झोपडवस्त्यांच्या इवल्या प्रतिकृती केल्या. त्यांतल्या २००९ च्या एका कामाचे नाव फक्त ‘८ फूट × १२ फूट’. धारावीतल्या सर्वसाधारण घराचे हे माप. तेवढीच एक खोली केली आणि तिच्या आतून भिंतींवर वस्ती डकवली. आत शिरलेल्या माणसाला शहर अंगावर येते. त्या २०१५ मध्ये फार लवकर गेल्या.

आणि आपला एक मराठी मुलगा : प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा, कोळसा खाणीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबातला. खैरागढला शिकून तो बडोद्यात शिल्पकलेची पदव्युत्तर पदवी घ्यायला आला, २०११ मध्ये ती घेतली. तो काढतो कोळशाने. ज्या कोळशाने गावची जमीन खाल्ली तोच हातात धरून भिंतच्या भिंत रंगवतो आणि सोबत शिल्पेही मांडतो. त्याच्या माणसांना पुष्कळदा डोके नसते, डोक्याच्या जागी दिवा असतो, अवजार असते. खाणीत माणसाची गरज तेवढ्यापुरतीच असते ना! या मुलाचे काम आज जगभर दाखवले जाते. आपल्या मंडळाने त्याच्या कामावर एखादा कार्यक्रम ठेवायला काय हरकत आहे, असे मी कार्यकारिणीला याच ठिकाणी विचारून घेते.

आता काकांच्या बाजूने बोलते, कारण त्यांचे म्हणणे सगळेच टाकाऊ नाही. या प्रकारात आळशी काम फार होते. चार खुर्च्या उलट्या टांगल्या, एकीला लाल रंग फासला, खाली ‘सत्ता’ अशी चिठ्ठी लावली की झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. चिठ्ठी काढली तर काहीच उरत नाही. खुर्ची हाच विषय कोलंबियाच्या दोरिस साल्सेदो यांनी कसा हाताळला ते पाहा. बोगोटाच्या न्यायमंदिरावर १९८५ मध्ये सशस्त्र हल्ला झाला, लष्कराने प्रतिहल्ला केला, न्यायाधीशांसह शंभराच्या आसपास माणसे गेली. सतरा वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच तारखांना, हल्ला सुरू झाला त्याच वेळेपासून साल्सेदोंनी त्या जागी बांधलेल्या नव्या इमारतीच्या छपरावरून रिकाम्या लाकडी खुर्च्या एकेक करून भिंतीवर सोडल्या. त्रेपन्न तासांत सुमारे २८०. रस्त्यावरून जाणारे लोक नुसते उभे राहून पाहत. तिथे खुर्ची का, तिथेच का, तेव्हाच का, या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. माझी कसोटी साधारण अशी : त्या वस्तूच्या जागी दुसरी कुठलीही वस्तू ठेवली तरी चालणार असेल, तर काम कच्चे. मडक्याच्या जागी बादली ठेवून पाहा, रिमझॉनचे काम कोसळते.

बघताना घाई करू नये आणि चिठ्ठी आधी वाचू नये, एवढेच मी शिकले आहे. ती वस्तू घरात कोण वापरते, कोण घासते, कुणाला तिला हात लावायची मुभा नाही, हे मनाशी विचारावे. मुलांना बरोबर न्यावे, ती आपल्यापेक्षा लवकर ओळखतात. माझ्या भाच्याने त्या ट्रंकांच्या राशीकडे बघून पहिल्याच फटक्यात विचारले होते, “किल्ल्या कुणाच्या आहेत?”

मावशीने तेव्हा त्याला उत्तर दिले नव्हते. घरी परतताना रिक्षात, रावपुऱ्याच्या आसपास, आपणहून बोलू लागली. तिच्या सासूबाईंच्या कमरेला असाच जुडगा असायचा. साखरेच्या डब्यालाही कुलूप. दिवाळीला भाऊ आला तर त्याच्या चहासाठी सासूबाई देवळातून यायची वाट बघायची. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्यानंतर जाऊबाईंनी तो जुडगा मावशीच्या हातात दिला. “मग तू काय केलंस?” मी विचारले. “कमरेला लावला,” ती म्हणाली. “दुसरं काय करणार?”

पुष्पबागेतले वार्षिक प्रदर्शन साधारण उन्हाळ्यात, परीक्षांच्या सुमारास असते आणि सर्वांना पाहता येते. सकाळी लवकर गेलेले बरे, दुपारी अंगणात फार तापते. ज्याचे काम आहे तो विद्यार्थी बहुधा जवळच कुठेतरी उभा असतो. त्याला विचारायला संकोच करू नका. आमची मावशी शेवटी त्या मुलीशी अर्धा तास बोलत होती आणि माळ्यावरची आपली एक ट्रंक तिला देऊ करून आली आहे. कुलपासकट.